भिंतीकडे तोंड करून उभी पुस्तकं

आमच्या घरात पुस्तकांना शिक्षा होते.

चुलीच्या वरच्या अंगाला एक सागाची फळी आहे. माझ्या लग्नातली पितळेची भांडी तिच्यावर मांडायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. एक ताट सोडलं तर ती भांडी अजून पोत्यात आहेत, कारण फळीवर पुस्तकं उभी आहेत. तीही सरळ नाहीत. नाव भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. घरी आलेला माणूस विचारतो, "ही अशी उलटी का ठेवलीत?" माझी नणंद तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता सांगते, "वर्गात वाईट वागलं की पोरं कशी उभी राहतात? तशीच."

माणूस मग माझ्याकडे बघतो. मी चहाच्या आधणाकडे बघते. मला परक्यांशी बोलायला जमत नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर तर बोलक्या माणसालाही जमलं नसतं.

माझी नणंद म्हणजे यमुनाबाई. जव्हारकडच्या साखरशेत गावाच्या वरच्या बाजूला चढ चढून गेलं की एक पाडा लागतो. तिथल्या शाळेत ती शिकवते. शाळा म्हणजे एक खोली, एक पडवी आणि यमुनाबाई. पडवीत मी मुलांची खिचडी शिजवते. गावाची ती बाई, माझ्या नवऱ्याची, लहानूची, धाकटी बहीण, आणि माझी नुसती यमू. कारण पहिलीपासून चौथीपर्यंत आम्ही दोघी एका तरटावर बसलो. चौथीनंतर आईबापांबरोबर मी वीटभट्टीवर गेले आणि माझी शाळा तिथं संपली. ती शिकत राहिली. लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणते, "वेळ कुठं आहे? एवढ्या पुस्तकांचा न्याय करायचा राहिलाय."

ही पुस्तकं आली कुठून, तेही सांगते. वावर-वांगणीची पोरं भुकेनं गेल्याच्या बातम्या पेपरात आल्या, तेव्हापासून आमच्या घाटात गाड्यांची वर्दळ सुरू झाली. कुणी बिस्किटं आणायचं, कुणी जुने कपडे. एका गाठोड्यातून गळ्यात बांधायचे टाय निघाले. त्यातला निळा अजून आमच्या वासराच्या गळ्यात आहे. गाड्या पुढं कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. अशाच एका गाडीतून मुंबईच्या काही मंडळींनी शाळेला पत्र्याची एक पेटी दिली. आत गोष्टींची पुस्तकं. बारक्या पोरांची चित्रांची होती, मोठ्या पोरांची जाडजूड होती. पेटी उघडली तेव्हा यमू इतकी हसली की मला वाटलं, हिला आता आयुष्यात काही कमी नाही. पुढच्या बाजारापर्यंत ती त्या पेटीतल्या माणसांशी भांडायला लागली होती.

तिचं भांडण सगळ्या गोष्टींशी नसतं. बोलणारा कोल्हा तिला चालतो. उडणारी खाट चालते. जंगलात महिनाभर न जेवता हिंडणारा राजपुत्र आला तरी ती म्हणते, "असंल बाबा, राजाच्या घरचं पोट." पण गोष्टीत दोन मित्र आले की ती पदर खोचून बसते. आता यांच्यातला एक दुसऱ्याशी कसा वागतो, ते तिला बघायचं असतं. आणि तो बहुतेक वेळा वाईटच वागतो.

"हा कसला सोबती?" हे तिचं बोलणं आमच्या आळीला पाठ आहे.

संध्याकाळी ओटीवर बसून ती वाचते. वाचते म्हणजे ओरडते. "जा, जा! टाक तिला तिथंच! तुझं काय जातंय!" एकदा शेजारचे जानूकाका हातात काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, लहानूनं मला मारलं म्हणून यमू भांडतेय. लहानू बिचारा गोठ्यात होता.

"कोण हाय तो?" काका म्हणाले. "कुठं गेला?"

"गुहेत गेला," यमू म्हणाली. "खजिना शोधायला. आणि जाड्या सोबत्याला बाहेर ठेवलाय, पिशव्या राखायला. सगळ्या पुस्तकभर त्याला हसतात काका. धावता येत नाही म्हणून हसतात, जास्त खातो म्हणून हसतात. आणि पिशव्या राखायला तोच."

काकांनी काठी टेकली. थोडा विचार केला. "भाकरी कंच्या पिशवीत?"

"त्यानं राखलेल्या."

"मंग बेस हाय की."

दुसऱ्या दिवशी यमूनं वर्गात ती गोष्ट सांगितली. जाड्या सगळ्यांच्या भाकरी खाऊन घरी निघून गेला. गुहेतले हुशार सोबती सोन्याची नाणी चाटत बसले. पोरं इतकी हसली की माझी खिचडी थंड झाली. ते पुस्तक मात्र भिंतीकडे गेलं.

मग एक राजपुत्र आला. लहानपणी गुराख्याच्या पोराच्या ताटात जेवला, त्याच्या घोंगडीत झोपला. राजा झाल्यावर मोठ्या प्रेमानं त्याला पहारेकरी नेमला. यमूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. "दारात उभा केला गे! सोबत्याला! आणि खाली लिहिलंय, त्यांची मैत्री जन्मभर टिकली. टिकणारच. तो दारातनं हलला तर नोकरी जाईल." तो राजाही भिंतीकडे गेला.

हे सगळं ऐकून कुणीही हसेल. मीही हसायचे, आणि चिडायचेही. तिच्या भांडणात भाकरी करपतात, भांडी पोत्यात राहतात, आणि लहानूला काही विचारायचं असलं तर ती आधी गोष्टीतल्या पोराला झापून संपवते तोवर थांबावं लागतं. पण मीनलचं पुस्तक आलं आणि माझं हसणं थांबलं. तेव्हापासून मी तिच्या बाजूची आहे.

मीनल मुंबईची. सुट्टीत गावाला येते. तिथं तिला गंगी भेटते. गंगी मोळ्या वाहते, पण मीनलसाठी दिवसभर मोकळी असते. ती मीनलला पोहायला शिकवते, करवंदं देते, पायातला काटा काढते. मीनल नदीत बुडायला लागते तेव्हा तिला बाहेर काढणारीही गंगीच. मग सुट्टी संपते. मीनल गाडीत बसते. गंगी गाडीमागं वळणापर्यंत धावते. शेवटच्या ओळीत मीनल म्हणते, की गंगीनं मला जगायला शिकवलं, मी तिला कधी विसरणार नाही. गोष्ट संपली.

"संपली?" यमूनं पान उलटून बघितलं. मागं कोरं होतं. "संपली कशी? हिनं पत्ता का नाय घेतला? पुढच्या सुट्टीत कुठं मेली होती? गंगी त्या वळणावर उभी आहे, तिचं काय झालं, ते कोण लिहिणार?"

मी लिहिलं असतं. मला माहीत आहे वळणावर उभं राहणं कसं असतं, आणि गाडीतून मागं बघणंही माहीत आहे. पण मला कोण विचारतंय? एक मात्र मी इथं लिहून ठेवते, कारण हे मी कुणाला वाचायला देणार नाही. या पुस्तकांत आमच्यासारखी पोर आली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाची असते. तिला नदी माहीत असते, झाडं माहीत असतात, आणि काम झालं की ती गोष्टीतून जाते. एका जाड पुस्तकात तर तशी पोर तापानं मरते. तिची शहरातली मैत्रीण खूप रडते आणि ठरवते, की मी डॉक्टर होईन. यमू त्या पुस्तकाशी ओरडलीसुद्धा नाही. हळू आवाजात म्हणाली, "हिला डॉक्टर व्हायचं होतं म्हणून तिनं मरायचं?" आणि तिनं भाताची खळ शिजवायला घेतली.

ही खळ म्हणजे तिचा दुसरा वेडेपणा. जुन्या भाताची चिकट लापशी करायची आणि पुस्तकाची शेवटची पानं एकमेकांना चिकटवून टाकायची. फाडायची नाहीत. "फाडलं तर गुन्हा," ती म्हणायची. "मी नुसतं दार लावलंय." पावसाळ्यात झुरळांना खळीचा वास लागला आणि एका पुस्तकाचा शेवट झुरळांनी खाल्ला. "बघ," ती म्हणाली, "झुरळालापण पटला नाय."

मग पोरांना शेवट कुठून मिळायचा? तो यमूकडून. तिच्याकडे शेवट एकच होता, आणि तो सगळ्या गोष्टींना बसायचा. गेलेला सोबती होळीला परत यायचा.

आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा पाडा भट्ट्यांवर जातो. कुणी भिवंडीकडे, कुणी वसईकडे. लेकरंबाळं, कोंबड्या, मडकी सगळं घेऊन. पण होळीला माणूस घरी येतो. भट्टीवाला आडवा पडला तरी येतो. म्हणून यमूच्या गोष्टीत जहाज बुडालं तरी पोरगा होळीला घरी. राक्षसानं पळवलेली राजकन्या होळीला घरी. मीनलसुद्धा होळीला आली, गंगीच्या घरी नाचणीची भाकर खाल्ली, आणि दोघी मोखाड्याला जाऊन बोहाड्यातली मुखवट्यांची सोंगं बघत पहाटेपर्यंत जागल्या. तापानं मेलेली पोर मेलीच नव्हती. तिला जव्हारला दवाखान्यात नेलं, ती बरी झाली, आणि डॉक्टर तीच झाली.

वर्गातही तिचा एक नियम होता. भट्टीवर जाणारं पोर आपली पाटी शाळेत ठेवून जायचं. त्याच्या जागेवर, भिंतीला टेकवून. त्या जागेवर कुणी बसायचं नाही, आणि शेजारच्यानं ती पाटी रोज पुसायची. दिवाळीनंतर आमच्या वर्गात पोरं कमी आणि पाट्या जास्त दिसायच्या. त्या वर्षी चंद्रीशेजारी सोमीची पाटी होती. चंद्री तिसरीतली, बारकी, दिवसाला तीनदा थुंकी लावून ती पाटी पुसायची. "झिजंल ना गे ती," मी म्हणायचे. ती ऐकायची नाही.

अशात, पेटी देणाऱ्या मंडळींतल्या पुस्तकवाल्या ताई आल्या. माघ महिना होता. बरोबर केंद्रप्रमुख साहेब होते. ताईंचा चेहरा मायाळू होता, तो मला अजून आठवतो, आणि त्यांचा राग मी त्या चेहऱ्यासकट केलेला आहे. पोरांनी पुस्तकं वाचली की नाही, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी चंद्रीला उभं केलं. "तुला कुठली गोष्ट आवडली, बाळा?"

चंद्रीनं मीनलची सांगितली. भाकरीपर्यंत आली, बोहाड्यापर्यंत आली. ताई आधी हसत होत्या, मग त्यांचं हसू कमी झालं. "अगं, पण ही गोष्ट अशी नाहीये."

त्यांनी पेटीतून पुस्तक घेतलं. पेटीत त्याची दुसरी प्रत होती, तीही यमूनं सोडली नव्हती. पान उघडेना. दुसरं पुस्तक घेतलं. तेही उघडेना. तिसऱ्यातून झुरळ पडलं.

"बाई, हे काय?" साहेब म्हणाले. "हे नुकसान आहे. भेट दिलेल्या वस्तूचं नुकसान."

"नुकसान आत छापलेलं आहे साहेब," यमू म्हणाली. "मी फक्त झाकलं."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. "लेखकानं किती विचार करून शेवट लिहिलेला असतो, बाई. सगळं गोड गोड करून कसं चालेल? मुलांना दुःखही कळलं पाहिजे."

दुःख. आमच्या पाड्यावरच्या पोरांना. पुस्तकातून.

मी पडवीत खिचडीचा डाव हातात धरून उभी होते. तो डाव कुठं आपटावा, ते मला कळत नव्हतं.

ताईंनी पर्समधली केसांची पिन काढली, हळूहळू पानं सोडवली, आणि खरा शेवट मोठ्यानं वाचून दाखवला. वाचलं फार छान. गाडी निघाली, गंगी धावली, वळण आलं. कधी विसरणार नाही, तेही झालं. त्यांनी पुस्तक मिटलं. पोरं गप्प होती. ताईंना वाटलं, पोरांना गोष्ट भिडली.

चंद्रीनं सोमीच्या पाटीकडे बघितलं. मग यमूकडे.

"बाई, मंग सोमी नाय यायची?"

यमू, जी छापील माणसांशीसुद्धा भांडते, ती खडू हातात फिरवत राहिली. तिला खोटं बोलता येतं ते गोष्टीत. समोर पोर उभी राहिली की येत नाही. सोमीच्या बापानं जाताना काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं, मलाही होतं. या खेपेला होळीला सुटी मिळेलसं वाटत नाही, असं तो म्हणाला होता.

मला काय झालं, मी सांगू शकत नाही. "ताट धर" आणि "अजून घे" याच्यापलीकडे त्या पोरांनी माझा आवाज कधी ऐकला नव्हता. साहेबांपुढे तर मी पदरसुद्धा सांभाळून घेते. पण मी दारात आले आणि म्हणाले, "येते गे. कुणी आणायला गेलं की येते."

सगळी पोरं मागं वळली. ताईही वळल्या. यमूनं माझ्याकडे बघितलं, आणि मी परत चुलीशी गेले. खिचडी लागली होती.

पेटी त्यांनी परत नेली. कदर असलेल्या दुसऱ्या शाळेला देऊ, असं ताई म्हणाल्या. यमूनं अडवलं नाही. उलट पेटीचं एक कडं स्वतः धरून जीपपर्यंत पोचवली. "न्या," ती म्हणाली. "गोष्टी पोरांकडं हायेत." घरच्या फळीवरचे आरोपी तेवढे राहिले, कारण त्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

होळी आली. पाडा भरला. ढोल वाजले, आणि भिंतीला टेकलेल्या पाट्या एकेक करून उचलल्या गेल्या. सोमीची राहिली. चंद्री होळीच्या उजेडातसुद्धा रस्त्याकडे तोंड करून बसली होती. यमू तिच्याशेजारी जाऊन बसली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यमूनं सोमीची पाटी जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि काखेत मारली. मी न विचारता भाकरी बांधून दिल्या. भिवंडीला जाणाऱ्या एसटीसाठी आम्ही फाट्यावर उभ्या राहिलो.

ते धडपं बघून मला हसू आलं. कारण असंच धडपं मी आधी एकदा बघितलं होतं. आईबाप भट्टीवरच राहिले आणि आम्ही होळीलाही गावी येईनासे झालो, त्याला फार वर्षं झाली होती. एके दिवशी कोपरापर्यंत चिखलात हात घालून मी गोळे करत होते, आणि समोर यमू उभी. नवीन नोकरीचं कडक इस्त्रीचं पातळ नेसलेली. मागं तिचा भाऊ लहानू, हातात छत्री घेऊन. तो कशाला आलाय, हे त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. तिनं धडप्यातून माझी चौथीची पाटी काढली आणि रागानं माझ्यापुढं धरली. "ही पुसून पुसून माझा हात दुखला, बुधे. आता तुझी तू पूस."

माझा नवरा मला असा पाटीबरोबर मिळाला. यमूला सोबतीण परत न्यायची होती, आणि दुसरा रस्ता तिला सुचला नव्हता. लहानू अजून म्हणतो, "मला कुणी विचारलंच नाय."

एसटी वळणावर दिसली.

"सोमीला आईबाप पाठवतील का?" मी म्हणाले.

"सांगीन, पावसापर्यंत माझ्या घरी राहू दे. तुम्ही आलात की घेऊन जा." तिनं काखेतली पाटी सावरली. "नाय पाठवलं तर उद्या परत जाईन. परवा परत जाईन."

पायरीवर पाय ठेवताना ती वळली. "पोत्यातलं एक ताट काढून ठेव. बारकं."

घरी येऊन मी पोतं सोडलं. बारकं ताट चिंच लावून घासलं, आणि फळीवर जागा केली. त्यासाठी गुहेतला खजिना आणि तो राजा मी खाली काढून खाटेखाली ढकलले. त्यांची शिक्षा पुरे झाली. मीनलला मात्र हात लावला नाही. ती ताटाशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिला सुटी नाही. होळी होऊन गेली, आणि ती काही आली नाही.